हलवायाचं कासव

तळं आधी होतं आणि गाव मागाहून आलं, अशा एका जुन्या गावात केरोबा नावाचा हलवाई राहत होता. तळं एवढं मोठं, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका अलीकडून बगळ्यांसारख्या दिसायच्या. पाण्यात शिंगाड्यांचे वेल होते, कडेला लव्हाळी होती, आणि लव्हाळ्यांच्या तोंडाशीच केरोबाचं दुकान होतं.

सकाळी जिलबी, दुपारी बुंदी, सणासुदीला पेढे. केरोबाच्या हाताला गोडी होती आणि स्वभाव हातापेक्षा गोड होता. कोणी हसत आलं की तो त्याच्या तळहातावर बुंदी ठेवायचा. कोणी रडत आलं तर दोन चमचे जास्त. एकदा एक माणूस भांडायला आला होता. केरोबाने त्याच्या तोंडात आधी जिलबी घातली, तेव्हा बिचाऱ्याला भांडताच येईना.

"समोरचा खाताना दिसला की माझंच पोट भरतं," केरोबा म्हणायचा.

त्याची बायको अनसा हसून म्हणायची, "म्हणूनच तुम्ही जेवायचं विसरता."

दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती दोघं कधी बोलत नसत. पण दुकानात कोणी लेकुरवाळी आली की केरोबाचा हात परातीत जरा खोल जायचा.

एके दिवशी चिमाबाई भोईण शिंगाड्यांची टोपली घेऊन आली. तिचा जन्म त्या तळ्याकाठी गेला होता. मासळी धरायची, शिंगाडे काढायचे, लव्हाळ्यांच्या चटया विणायच्या. उपवासाच्या पिठासाठी केरोबाच्या घरी शिंगाडे तिच्याकडूनच येत. अनसाने शिंगाडे धुवायला परातीत ओतले, तर तळाशी काहीतरी वळवळलं.

"अगं बाई! हे काय?"

ते कासवाचं पिल्लू होतं. बत्ताशाएवढं, वरून हिरवं, खालून पिवळं. चार पाय हवेत मारत होतं आणि मान लांब करून सगळ्यांकडे बघत होतं.

"चुकून आलं वाटतं," चिमाबाई म्हणाली. "द्या इकडं, जाताना तळ्यात सोडते."

पण केरोबाने ते तळहातावर घेतलं होतं. पिल्लाने त्याच्या अंगठ्यावर हनुवटी टेकली. बस्स, तेवढ्याने काम झालं.

"चिमाबाई, हा राहू दे माझ्याकडे. अंगणात दगडी डोणी आहे, पाणी आहे. माझं काय बिघडतंय? आणि बत्तासा हे नावही आपोआप मिळालं की."

चिमाबाईने मान हलवली. "ठेवा बापडे. पण केरोबादादा, हे पाण्यातलं लेकरू आहे. पाण्यात मिळतं तेच त्याला घाला. गोगलगायी, गांडुळं, बारीक मासळी, पाण्यावरचा हिरवा पाला. ऊन द्या. दुसरं काही घालू नका."

गोगलगायी म्हटल्यावर अनसाने पदर तोंडाला लावला. त्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं.

"पाला घालू," केरोबा घाईने म्हणाला. "पाला पुष्कळ आहे."

पहिले काही दिवस त्याने खरंच पाला घातला. बत्तासा थोडा खायचा, बाकीचा तरंगत राहायचा. मग एका दुपारी केरोबाच्या बोटाला चिकटलेली बुंदी डोणीत पडली. बत्ताशाने मान काढली, वास घेतला आणि गट्ट केली. मग वर बघून तोंड उघडलं.

"अनसा, धाव! बघ, हा अजून मागतोय!"

झालं. त्या दिवसापासून सकाळी जिलबीचा तुकडा, दुपारी बुंदी, मध्येच दुधात भिजवलेली पोळी. केरोबाने डोणी अंगणातून उचलून दुकानाच्या पायरीशी आणली, छपराच्या सावलीत, म्हणजे कामाच्या वेळी बत्तासा डोळ्यांसमोर राहील. गिऱ्हाइकंही डोणीत काहीबाही टाकू लागली. कोणी शेव टाकायचं, कोणी लाडवाचा चुरा. पावलांचा आवाज आला की बत्तासा कडेला यायचा, पुढचे पाय दगडावर खरवडायचा आणि मान ताणायचा. लोकांना गंमत वाटायची.

चिमाबाईने एकदोनदा दुकानावरून जाताना पाहिलं. "दादा, हे त्याचं खाणं नव्हे."

"पण आवडीने खातो की!" केरोबा म्हणाला. "आणि अंग कसं धरलंय बघा."

चिमाबाई टोपली सावरून पुढे गेली. गोड माणसाला कडू बोलायला तिलाही जड गेलं असेल.

दोन वर्षं गेली. बत्तासा वाटीएवढा झाला. पण त्याची पाठ सपाट, गुळगुळीत नव्हती. तिच्यावर टेंगळं उठली होती. पायांच्या मुळाशी मांस फुगून बाहेर आलं होतं. डोळ्यांच्या पापण्या सुजल्या होत्या, त्यामुळे तो कायम झोपेतून उठल्यासारखा दिसायचा. लोक म्हणायचे, "हलवायाचं कासव शोभतं खरं!" केरोबाला ते ऐकून बरं वाटायचं.

मग एका दुपारी गावातलं एक भटकं कुत्रं वासावर डोणीपाशी आलं. केरोबा आत पाक बघत होता. कुत्र्याने डोणीत तोंड घातलं. कासवावर संकट आलं की कासव काय करतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बत्ताशानेही तेच केलं. मान ओढली. पाय ओढले. पण पाय आत जाईनात. एवढं मांस त्या कवचात मावणार कसं? मागचा पाय बाहेरच राहिला, आणि कुत्र्याने तो धरला.

अनसा लाटणं घेऊन धावली. कुत्रं पळालं. डोणीतलं पाणी लाल झालं होतं.

केरोबा तसाच, हात पाकाने चिकट, पायरीवर मटकन बसला. देवाने ज्याला पाठीवर घर दिलं, त्या जिवाला स्वतःच्या घरात शिरता आलं नाही. हे कसं झालं, ते त्याला कळेना.

पायाची जखम फार खोल नव्हती. पण त्या दिवसापासून बत्ताशाने डोळे मिटले ते मिटलेच. केरोबाने त्याच्या तोंडाशी जिलबी नेली. हलला नाही. मग केशर घालून मुद्दाम पेढा वळला, साजूक तुपात मऊ केला. बत्ताशाने मान आत घेतली, जेवढी जात होती तेवढी.

तिसऱ्या दिवशी केरोबाने दुकान बंद ठेवलं, बत्ताशाला ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि टोपलीत घालून चिमाबाईच्या खोपटाकडे निघाला. अनसाही बरोबर गेली.

चिमाबाई चटई विणत होती. तिने काही न विचारता कासव हातात घेतलं. सुजलेल्या पापण्या पाहिल्या, पाय पाहिला. मग कवचावर अंगठा दाबला. कवच ओल्या मातीच्या पणतीसारखं आत दबलं.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली.

"मी याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही," केरोबा म्हणाला. "एक दिवस नाही, चिमाबाई. स्वतः जेवलो नाही, पण याला घातलं."

"पोट भरलेलं होतं, दादा. अंग उपाशी होतं." चिमाबाईने बत्ताशाला मांडीवर घेतलं. "गोगलगाईचं कवच खाल्लं की याचं कवच बनतं. उन्हात बसला की ते पक्कं होतं. तुमच्या घरी हा सावलीत बसला आणि साखर खाल्ली. साखरेचं कवच कसं होईल?"

केरोबाने मान खाली घातली. त्याला बचावाचे पुष्कळ शब्द सुचले. एकही बोलावासा वाटला नाही.

"तुम्हीच ठेवून घ्या याला," तो शेवटी म्हणाला. "तळ्यात सोडा. माझ्या हाताला यश नाही."

"आता सोडला तर संध्याकाळच्या आत घारीच्या पोटात जाईल. डोळा उघडत नाही, पाय आत जात नाहीत, आणि शिकार म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. आणि मी ठेवून घेतला, तर तुम्ही त्याच्यासाठी काय केलंत? रडलात, एवढंच."

शब्द कडक होते, पण बोलताना ती केरोबाच्या हातावर हात ठेवून होती.

मग तिने एकेक गोष्ट सांगितली. पाणी रोज बदलायचं. डोणीत असा दगड ठेवायचा की त्याला वर चढून कोरडं होता येईल, आणि सकाळचं ऊन थेट पाठीवर आलं पाहिजे. डोळे स्वच्छ पाण्याने पुसायचे. गोगलगायी ठेचून, कवचासकट. गांडुळं. बारीक मासळी, मीठ न लावलेली. शेवग्याचा कोवळा पाला, लाल भोपळ्याचा कीस, पाण्यातला हिरवा पाला. घास त्याच्या डोक्याएवढा, एका वेळी तेवढाच. गोड नाही, पोळी नाही, दूध नाही, शेव नाही.

"नुसत्या पाल्यावर नाही का भागणार?" अनसाने विचारलं.

"मोठा झाला की पालाच जास्त खाईल, वहिनी. आता वाढीचं वय आहे. तुमचा नेम तुमच्या ताटाला. त्याचं ताट देवाने वेगळं वाढलंय."

दोघं घरी परतली. दाराशी आल्यावर अनसा म्हणाली, "घरात नको. अंगणात करा. एक वेगळी विळी देते, ती परत स्वयंपाकघरात आणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरोबा तळ्याच्या काठावर गुडघे टेकून बसला. जन्मभर ज्या बोटांनी जिलबीचे वेढे घातले, त्या बोटांनी त्याने चिखलातून गांडूळ उचललं. ते वळवळलं. त्याने डोळे मिटले, "मला क्षमा कर" असं त्या गांडुळालाच म्हणाला आणि ते द्रोणात टाकलं. मग दुसरं उचललं. दगडावर गोगलगाय ठेचताना जो आवाज झाला, त्याने त्याला दिवसभर अन्न गेलं नाही.

डोणी पुन्हा अंगणात गेली, उन्हात.

बत्ताशाने मात्र काहीच खाल्लं नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. चिमाबाईने सांगितलंच होतं, "लगेच नाही खाणार. ओळखच नाही त्याला. धीर धरा. त्याच्या अंगावर चरबी आहे, आठ-दहा दिवस नाही मरत." रोज केरोबा ताजं आणायचा, समोर धरायचा आणि संध्याकाळी न खाल्लेलं काढून पाणी बदलायचा.

चौथ्या दिवशी बत्ताशाचा एक डोळा किलकिला उघडला. केरोबाला केवढा आनंद झाला! पण त्याच वेळी दुकानातून जिलबीचा वास आला. बत्ताशाने मान त्या दिशेला वळवली, कसाबसा कडेला आला आणि पुढच्या पायांनी दगड खरवडू लागला. खर्र, खर्र. तोंड उघडून केरोबाकडे बघू लागला.

केरोबा तिथून उठून गेला. पण आवाज आत भट्टीपर्यंत येत होता.

गिऱ्हाइकांना आता डोणी पायरीशी दिसत नव्हती, तरी ती अंगणाच्या कुंपणापाशी यायची. कुंपणावरून कोणी शेव टाकायला हात वर केला की केरोबा धावत जायचा. "नका टाकू. हात जोडतो, नका टाकू."

"काय हे केरोबा!" एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं. "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढता? तुम्ही असे नव्हता."

गावात तेवढंच बोललं जाऊ लागलं. हलवायाने कासवाला उपाशी टाकलंय. ज्या माणसाची ओळखच देणारा हात अशी होती, त्याच्याकडे लोक आता तिरक्या नजरेने बघत. केरोबाला ते फार लागलं. समजावून सांगायला गेला, तर कोणी निम्मं ऐकायचं, कोणी तेवढंही नाही.

आठव्या दिवशी सकाळी तो पाणी घेऊन अंगणात आला, तेव्हा अनसा डोणीजवळ उकिडवी बसली होती. तिच्या मुठीत काहीतरी होतं. खरवडण्याचा आवाज चालूच होता, पण फार मंद.

"काय आहे हातात?"

अनसाने मूठ उघडली. बुंदीचे चार दाणे.

"अहो, बघवत नाही हो," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "आठ दिवस झाले. कसं बघतंय ते माझ्याकडे. जायचंच असेल त्याला, तर निदान तोंड गोड करून जाऊ दे. एवढंसं मागतंय. आपण एवढंसुद्धा देऊ नये?"

केरोबा तिच्याजवळ बसला. त्याचा स्वतःचा हात आदल्या दिवशी तीनदा परातीकडे गेला होता. तिच्या जागी तोही असता. बत्ताशाने मान ताणली होती. बुंदी त्याच्या तोंडापासून वीतभर लांब होती.

"अनसा," तो म्हणाला, "दोन वर्षं हा तोंड उघडायचा आणि मी घालायचो. मला वाटायचं मी त्याला सुख देतोय. खरं सांगू? सुख मला होत होतं. तो खाताना माझा जीव भरायचा. त्याच्या हाडांचा मी एकदा तरी विचार केला का? आज हे दाणे दिले, तर तुझं-माझं रडू थांबेल. त्याचं काय?"

"आणि मेला तर?"

केरोबाने बत्ताशाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "तर मी जन्मभर रडेन. पण आज नाही देणार."

त्याने तिच्या तळहातावरचे चारही दाणे उचलले आणि स्वतःच्या तोंडात टाकले. ते त्याला गोड लागले नाहीत. मग दोघं तिथेच बसून राहिली, उन्हं डोक्यावर येईपर्यंत. दुकानात लोक हाका मारत होते. केरोबा उठला नाही.

त्या दिवसापासून अनसाही त्याच्याबरोबर तळ्यावर जाऊ लागली. गांडुळाला ती हात लावायची नाही, पण हिरवा पाला निवडून आणायची आणि भोपळा किसायची.

दहाव्या दिवशी केरोबाने एक गांडूळ दगडावर ठेवलं. बत्तासा उन्हात पाय पसरून पडला होता. एव्हाना त्याचे दोन्ही डोळे उघडत होते. गांडूळ वळवळत त्याच्या नाकासमोरून निघालं. बत्ताशाने डोकं एका बाजूला केलं. गांडूळ आणखी सरकलं. आणि एकाएकी मान पुढे आली, तोंड मिटलं, आणि गांडूळ दिसेनासं झालं.

"अनसा!" केरोबा एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या आळीतली कुत्री भुंकू लागली. "खाल्लं! याने खाल्लं!"

अनसा धावत आली. ज्या गोष्टीचं नाव काढलं तरी तिला शिसारी यायची, ती खाल्लेली पाहून तिने डोणीला हात जोडले.

मग दिवस हळूहळू पालटले. एक गांडूळ, मग दोन, मग ठेचलेली गोगलगाय. पुढे केरोबा गोगलगाय ठेचायचा नाही, अख्खीच ठेवायचा, आणि बत्तासा जबड्याने ती फोडायला शिकला. भोपळ्याचा कीस आधी त्याने तोंडातून बाहेर टाकला, महिनाभराने मुकाट खाल्ला. दिवसाआड जेवण, डोक्याएवढा घास. पायांच्या मुळाशी आलेली सूज ओसरली. पोहणं वाढलं. सहा महिन्यांनी चिमाबाईने कवचावर अंगठा दाबला. अंगठा दबला, कवच नाही.

"कडेने नवं कवच येतंय बघा, कसं गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

"आणि मधली टेंगळं?" केरोबाने विचारलं.

"ती राहणार, दादा. झालेलं ते झालं. पण आता त्याला त्यांचा त्रास नाही."

केरोबाने त्या टेंगळांवरून बोट फिरवलं.

गावातल्या लोकांनाही फरक दिसला. ज्या जुन्या गिऱ्हाइकाने त्याला बोल लावला होता, ते एकदा कुंपणापाशी येऊन उभं राहिलं. बत्तासा दगडावरून सळ्ळकन पाण्यात गेला, तेव्हा ते म्हणालं, "हा तोच का हो?" केरोबा नुसता हसला. मग त्याने त्याला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. या वेळी त्या माणसाने शेवटपर्यंत ऐकलं.

वर्ष उलटलं. एका सकाळी चिमाबाई डोणीपाशी बराच वेळ बसली. तिने तळ्यातली बारीक मासळी जिवंत सोडली होती. बत्ताशाने त्या मासळीचा पाठलाग केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा धरली.

"आता डोणी लहान पडते याला," ती म्हणाली. मग तिने तळ्याकडे पाहिलं.

केरोबाला कळलं. त्याने अनसाकडे पाहिलं. अनसाने डोळे पुसले आणि मान हलवली.

तिघं काठाने चालत लव्हाळ्यांच्या पलीकडे गेली. तिथे पाणी उथळ होतं आणि शेवाळावर ऊन पडलं होतं. केरोबाने गुडघाभर पाण्यात जाऊन टोपली वाकडी केली. बत्तासा पाण्यात सरकला, क्षणभर त्याच्या पायाशी थांबला.

केरोबाचा हात आपोआप पुढे झाला, थोपटायला. मग त्याने तो मागे घेतला.

बत्तासा चार हात पुढे गेला आणि एका वेलाच्या बुडाशी डोकं खुपसलं. बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडात अख्खी गोगलगाय होती. कट्! कवच फुटल्याचा आवाज तिघांनी स्पष्ट ऐकला. मग त्याने बुडी मारली, आणि वेल हलले, तेवढेच.

अनसाने केरोबाचा दंड घट्ट धरला.

"जेवला," केरोबा म्हणाला. त्याचे गाल ओले होते आणि चेहरा हसत होता. "अनसा, बघितलंस? आपल्या हातचं नाही. स्वतःचं स्वतः जेवला."

तात्पर्य एवढंच, की आपल्याला द्यायला काय आवडतं हे न बघता घेणाऱ्याला काय मानवतं हे बघून देतो, तोच खरी माया करतो; आणि त्यासाठी कधी कधी पुढे केलेला हात मागेही घ्यावा लागतो.